वाढत्या लेंकराचें औषध

लेंकराचें वजन वाढलें कीं आईबापांस आनंद व्हावा, हा सृष्टीचा साधा नियम आहे. परंतु गोशे नांवाच्या एका दुर्मिळ विकारांत हा आनंदहि जमाखर्चाच्या वहींत मांडावा लागतो.

फिलिप गोशे या फ्रेंच वैद्यानें १८८२ सालीं हा विकार प्रथम वर्णिला. जीर्ण पेशींतील एक प्रकारचा मेद पचविणारें प्रथिन शरीरांत असतें. मातापिता दोघेहि निरोगी, परंतु दोघांकडून सदोष बीज आलें, तर अपत्याचे ठायीं तें उणें पडतें. मग मेद पाणथरींत, यकृतांत व हाडांत सांचतो. पोट फुगतें, रक्त उतरतें.

उणें प्रथिन बाहेरून द्यावें, या मार्गाचा पाया अमेरिकेंतील रॉस्को ब्रॅडी यांनीं घातला. पण तें पुरेसें मिळावें कोठून? १९८१ सालीं बोस्टन येथें निघालेल्या जेन्झाइम या लहानशा कंपनीनें तें बाळंतिणीच्या वारेंतून काढिलें. आपण जी वार पुरून टाकतों, तीच! एका रोग्याच्या वर्षाच्या औषधासाठीं हजारों बाळंतपणांतील वार गोळा करावी लागे. १९९१ सालीं या औषधास अमेरिकेंत मान्यता मिळाली. पुढें १९९४ सालीं हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींकडून करविलेलें प्रथिन आलें आणि वारेची गरज सरली.

हें औषध शिरेंतून, बहुधा दर पंधरा दिवसांनीं आणि आजन्म घ्यावयाचें. मात्रा वजनावर, दहा किलोंचें मूल वीस किलोंचें झालें कीं औषध दुप्पट, खर्चहि दुप्पट. म्हणजे औषध लागू पडलें म्हणून मूल वाढतें, आणि मूल वाढलें म्हणून औषध परवडेनासें होतें.

भारत सरकारनें २०२१ सालीं दुर्मिळ रोगांविषयीं धोरण जाहीर केलें व २०२२ सालीं रोग्यामागें ५० लाख रुपयांपर्यंत मदत ठरविली. रक्कम लहान नाहीं. तथापि आजन्म रोगास एकच ठरीव आंकडा, आणि तोहि तान्ह्यास व थोरास सारखाच, हें आम्हांस पटत नाहीं. आम्ही उभा जन्म त्रैराशिक शिकविलें. ही रक्कम किती दिवस पुरेल, हें गणित चौथीचा मुलगाहि सोडवील. मदत वर्षावारीं आणि वजनाप्रमाणें ठरावी.

या धोरणाखालीं नेमलेल्या केंद्रांत परळचें केईएम रुग्णालय आहे. नाशिककरांस तें जवळचें. निदान व देखरेख तेथें असावी हें योग्यच; परंतु पंधरवड्याच्या मात्रेसाठीं आजारी पोरानें दर वेळीं कसारा घाट कां उतरावा? मुंबईच्या वैद्यांच्या सल्ल्यानें ती आमच्या जिल्हा रुग्णालयांत देण्याची सोय करण्यास काय हरकत आहे?

ज्या घरीं मुलाची पाणथरी वाढलेली असून कारण सांपडत नाहीं, त्यांनीं या प्रथिनाची रक्तांतील तपासणी करण्याविषयीं आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावें.