सही करण्याआधी लेकराला विचारा

शाळेतून, अंगणवाडीतून नाहीतर दवाखान्यातून एखाद्या दिवशी कागद घरी येतो. तुमच्या मुलाला संशोधनात घ्यायचं आहे, खाली सही करा. बाई सांगताहेत म्हणजे चांगलंच असणार, म्हणून आपण सही करून देतो. माझी हात जोडून विनंती आहे, त्या सहीची घाई करू नका.

2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात 10 ते 14 वर्षांच्या मुलींना एका अभ्यासासाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस टोचली. त्यात आदिवासी मुली पुष्कळ, कित्येक वसतिगृहात राहणाऱ्या. पुढे 9,543 संमतीपत्रं तपासली, तेव्हा 2,763 पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या आणि 1,948 पत्रांवर नुसते अंगठे. लेक एकाची, होकार दुसऱ्याचा! 2010 मध्ये अभ्यास थांबवला गेला. काही मुली दगावल्या होत्या, पण त्याचा लसीशी संबंध असावा असं चौकशीत दिसलं नाही. तेव्हा लसीला घाबरू नका. चुकलं ते विचारण्यात.

संशोधनाला नकार द्या, असं मी सांगत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून तान्ह्या बाळांची घरीच काळजी घेतली आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचं वजन करते, ते याच कामातून आलं आहे.

म्हणून विचारा. संशोधन कोण करतंय? एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीची, परवानगी आहे का? रक्त किती वेळा काढणार? अपाय झाला तर उपचार कोण करणार? मुलाचे फोटो, माहिती कुणाच्या हाती जाणार? संमतीपत्राची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. मध्येच बाहेर पडलात म्हणून मुलाचे नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही. आणि मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे तुमची संमती नव्हे.

आता लेकराचं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, नियमांप्रमाणे 7 ते 11 वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार लागतो, 12 ते 18 पर्यंत लेखी. 7 वर्षांहून लहान मुलाची सही नसते, पण ते हात मागे ओढत असेल, आईला बिलगून रडत असेल, तर तोही नकारच धरायचा. आजारातल्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी. तिथे रडलं तरी द्यावं लागतं, कारण ते त्याच्यासाठीच असतं.

संशोधनवाल्या ताई येणार असतील, त्याच्या आदल्या रात्री जेवताना लेकराला नीट सांगा. सुई टोचणार असेल तर 'मुंगी चावेल' म्हणू नका, दुखेल म्हणून सांगा. आणि ते 'नको' म्हणालं, तर दारात आलेल्या ताईंना ते तुम्ही सांगा, त्याला सांगायला लावू नका.