‘गाडीवरून उतर’ म्हणणारा आपलाच निघाला

हा लेख शिव्यांनी सुरू होणार होता. पण ज्यांना शिव्या द्यायच्या ती पोरं माझीच आहेत. त्यांच्या गाड्यांचे प्लग मी साफ केलेत, चेनी मी ताणल्यात, त्यांची उधारी माझ्या वहीत आहे. म्हणून शिव्या पोटात ठेवतो आणि झालं ते सांगतो.

कनेरगाव नाक्यावर माझं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि पंक्चर बघायला पाण्याचं टोपलं. समोरून हिंगोली-वाशिम रोड. आता त्याला राष्ट्रीय महामार्ग १६१ म्हणतात, अकोल्याहून निघतो आणि वाशिम, हिंगोली, नांदेड करत खाली तेलंगणात संगारेड्डीला जातो. नाका हे आमच्या गावाच्या नावातच आहे. अलीकडं निजामाचा मराठवाडा, पलीकडं इंग्रजाच्या ताब्यातला वऱ्हाड. माणसं अडवायची जागा. निजाम गेला, इंग्रज गेला, अडवायची खोड काही गेली नाही.

या रोडनं हिवाळ्यात क्लबवाले येतात. दहा-पंधरा बुलेटी, काळी जाकिटं, पाठीवर बिल्ले, गुडघ्याला कवचं. हैदराबादेहून लोणारला, नाहीतर नुसतंच फिरायला. चहाला थांबतात. कुणाची चेन उतरली, क्लच घसरायला लागला की माझ्याकडं येतात. म्हणून मी त्यांना जवळून बघितलंय. बोलताना भाऊ भाऊ, ब्रदरहुड, रस्त्यावर सगळे सारखे. पण चहाच्या टपरीवर बघा. एकजण बसतो, तो प्रेसिडेंट. त्याच्या शेजारी व्हाइस. मग रोड कॅप्टन, जो सगळ्यांत पुढं चालतो. शेवटी चालणारा स्वीप, तोही मानाचा. मग बिल्लेवाले मेंबर. आणि एकजण उभाच असतो. त्याच्या जाकिटावर पुरा बिल्ला नसतो. त्याला प्रॉस्पेक्ट म्हणतात, उमेदवार. त्यानं पाण्याच्या बाटल्या आणायच्या, गाड्यांवर नजर ठेवायची, दुसऱ्याच्या चेनीला तेल लावायचं. सहा महिने, वर्षभर. मग वरचे ठरवणार, याला बिल्ला द्यायचा का नाही.

असा एकजण माझ्या हातात पाना देत उभा होता. शहरात मोठ्या कंपनीत नोकरीला. मी म्हणालो, बाबा, स्वतःच्या पैशाचं पेट्रोल जाळून तू गडी कामून राहिलास? तो हसला. म्हणाला, "अंकल, रिस्पेक्ट कमवायचा असतो."

कमवायचा! च्यायला, मग माझ्या आज्याचा किती कमवायचा बाकी राहिला होता? निजामाचा गिरदावर घोड्यावर बसून गावात यायचा आणि माझा आजा त्या घोड्यापुढं पळायचा. डोक्यावर गिरदावराचं बोचकं, हातात काठी. पुढच्या गावच्या शिवेपर्यंत वाट दाखवायची, तिथं दुसऱ्या महाराच्या हवाली करायचं. वेठ. मजुरी नाही. ऊन असो, पाऊस असो. क्लबच्या हिशोबानं बघितलं तर माझा आजा रोड कॅप्टन! सगळ्यांत पुढं तोच. आणि घोड्यावर बसलेला मागं. पण मान मागच्याचा, धाप पुढच्याची. तेव्हा पुढं कोण आणि मागं कोण यात काही ठेवलेलं नाही. घोडा कुणाचा आणि पळायला कुणी सांगितलं, एवढंच विचारायचं असतं.

घोड्याचंच निघालं म्हणून सांगतो. आमच्या हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, १९०३ साली मोडली. घोडदळातले दोन शब्द आपल्या भाषेत अजून आहेत, शिलेदार आणि बारगीर. स्वतःचा घोडा असेल तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर लढायला बसला तो बारगीर. गोळी दोघांनाही सारखीच लागायची, नाव वेगळं. आज रोख पैसे मोजून बुलेट आणणारा शिलेदार, फायनान्सच्या हप्त्यावर स्प्लेंडर फिरवणारा बारगीर. तिसरा हप्ता चुकला की फायनान्सवाला भरचौकात घोड्यावरून उतरवतो. आणि जो घोड्यापुढं पळायचा, त्याला ना शिलेदारात गणती ना बारगिरात.

चाकाचा आणि जातीचा संबंध मी ओढून ताणून लावतोय असं कुणाला वाटत असेल तर त्यानं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेलं वाचावं. १९०१ साली पोरवयात भावंडांबरोबर ते मसूर स्टेशनावर उतरले, वडिलांकडं गोरेगावला जायला. पोरं महाराची आहेत कळल्यावर एक गाडीवान तयार होईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही बैल पोरांनी हाकायचे आणि तो बाजूनं पायी चालणार, या बोलीवर. पुढं १९२९ साल, चाळीसगाव. बाबासाहेब बॅरिस्टर झालेले, महाडचा सत्याग्रह होऊन गेलेला. तरी टांगेवाला महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नाही. वस्तीतल्या लोकांनी मग नुसता टांगा भाड्यानं घेतला आणि आपल्यातलाच माणूस हाकायला बसवला. त्यानं कधी टांगा हाकलेला नव्हता. मोरीवर चाक अडकलं, टांगा कोसळला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. घोडा होता, टांगा होता, भाडं दिलेलं होतं. हाकायची सवय असलेला आपला हात तेवढा नव्हता, कारण तो कुणी होऊ दिला नव्हता.

आता माझं. १९९१ साली मी जुनी राजदूत घेतली. एकशे पंचाहत्तर, टाकीवर गंज, किक मारून मारून पिंढरी सुजायची. माझं मूळ गाव नाक्यापासून आत आहे. तिथं वाड्यापुढून जाताना माझा बाप सायकलवरून उतरायचा. कुणी उतर म्हणायचं नाही, पायच खाली यायचा. राजदूत घेऊन मी पहिल्यांदा गावात गेलो तेव्हा ओट्यावर चारजण बसले होते. एकजण नुसतं खाकरला. आणि मी उतरलो. खोटं कशाला सांगू? पँथरच्या सभेत घोषणा देऊन घसा बसवलेला मी, खाकरण्यावर उतरलो आणि तेवढं लोखंड त्यांच्यापुढून ढकलत नेलं. घरी गेल्यावर माय म्हणाली, "गाडी बंद पडली का रं?" मी म्हणालो, हो. दुसऱ्या खेपेला नाही उतरलो. त्यावरून जे व्हायचं ते झालं, त्याची खूण भुवईवर आहे. पण ती खूण मी कुणाला दाखवत नाही, कारण ती दाखवली की पहिली खेपही सांगावी लागते. आज सांगितली.

का सांगितली? कारण मागच्या महिन्यात तेच मी माझ्या गॅरेजपुढं बघितलं आणि खाकरणारा आपला निघाला.

आपल्या पोरांनी क्लब काढला. नाव इथं छापत नाही. आधी मला आनंद झाला. दहा-बारा पोरं, निळे गमछे, टाकीवर बाबासाहेब. मग जाकिटं आली. मग प्रेसिडेंट आला. प्रेसिडेंट कोण? ज्याच्या बापाची गुत्तेदारी आहे आणि बुडाखाली बुलेट आहे तो. कॅप्टन कोण? दुसरी बुलेट. पल्सरवाले मेंबर. आणि स्प्लेंडरवाले? ते "सपोर्ट". सपोर्ट म्हणजे झेंडे, पाण्याचे जार, टूलची पिशवी. शेवटी मांगवाड्यातला एक पोरगा, त्याची माय वीटभट्टीवर आहे, मामाची जुनी स्प्लेंडर चालवतो. त्या दिवशी तो माझ्याकडं हवा भरून गाडीवर बसला होता. प्रेसिडेंटची बुलेट फटाके फोडत आली. कुणीतरी म्हणालं, "ए, उतर. प्रेसिडेंट आलाय, गाडीवर बसून राहतोस?" आणि पोरगा उतरला. त्याचा पाय खाली आला ना, तो मला माझ्या बापाचा दिसला.

मी बोललो. बोलणारच. तर उत्तर काय? "दादा, ही डिसिप्लिन आहे." दुसरा म्हणाला, "सगळ्याच क्लबात असती." आणि एका शिकलेल्यानं मला अमेरिकाच ऐकवली. "दादा, काळ्यांनीबी क्लब काढलेच की!"

काढले. मलाही ठाऊक आहे. आपण पँथर हे नाव जिथून आणलं त्या ओकलंड शहरातच १९५९ साली ईस्ट बे ड्रॅगन्स नावाचा काळ्या लोकांचा मोटारसायकल क्लब उभा राहिला. ब्लॅक पँथर पार्टी निघाली १९६६ साली, म्हणजे हे त्याच्याही आधी. तो उभा करणारा लुइझियानातल्या बटईनं शेती करणाऱ्या घरातला. अमेरिकेतल्या मोटारसायकलवाल्यांच्या मोठ्या संघटनेनं १९५० च्या दशकापर्यंत काळ्यांना मेंबर करून घेतलं नव्हतं. दार बंद म्हणून त्यांनी आपलं घर बांधलं. त्यांच्यातही प्रेसिडेंट होता, बिल्ला होता, हेही खरं. पण दोस्ता, त्यांच्याकडून घ्यायचं ते काय? बंद दारापुढं लाचार न होता आपलं घर बांधायचं, का त्या घरात परत एक ओटा बांधून त्यावर बसून खाकरायचं?

पोरांची एक बाजू मात्र खरी आहे आणि ती मी टाळणार नाही. बुलेट आपल्याला उगाच हवीहवीशी वाटत नाही. बुलेट म्हणजे आधी फौजेची, मग फौजदाराची, मग पाटलाची. ती आपल्या बुडाखाली आली की त्यांच्या पोटात आग पडते. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात टिंबी गावी २०१८ साली आपल्या एका तरुणाचा खून झाला. घोडा पाळला आणि घोड्यावर बसला म्हणून, असं बापानं सांगितलं. तमिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये कॉलेजात शिकणाऱ्या दलित पोराच्या हातांवर वार झाले. तो बुलेट चालवायचा, हेच डोळ्यांत खुपलं, असं घरच्यांचं म्हणणं. हातांवर वार! क्लच आणि ब्रेक धरणाऱ्या हातांवर. म्हणजे मसूर आणि चाळीसगाव अजून चालूच आहे, फक्त बैल आणि टांगा गेला. तेव्हा घ्या बुलेट. खुशाल घ्या. वाड्यापुढून जाताना दुसऱ्या गेअरमध्ये घ्या, म्हणजे आवाज जास्त घुमतो. मी फुकट ट्यूनिंग करून देतो.

पण मांगवाड्यातल्या पोराला कोण बघून उतरवता? त्याच्यापुढं कसला विद्रोह?

आणि नंबर प्लेटी! ४१४१ असं लिहितात की दादा वाचावं. २१४ चं राम. ८०५५ चं इंग्रजीत बॉस. त्यांच्या गाडीवर राजे, आमच्या गाडीवर किंग. कायद्यानं नंबरपट्टीवर नंबराशिवाय काही नको, तरी गावात शिरताच आधी जात वाचायची आणि मग माणूस. मी रोज पन्नास गाड्या धुतो. चिखलाखाली सगळ्यांची इंजिनं सारखीच तेल पितात, फक्त बिलाच्या वेळी दादा-बॉस उधारी मागतात आणि दूधवाला रोख देतो.

हा दूधवाला कुणाच्याच क्लबात नाही. ९७ सीसीच्या गाडीला चार कॅन बांधून तो पहाटे चारला निघतो, बारा महिने. बाळंतीण घेऊन वाशिमला रात्री जाणारा, आशाताई स्कूटीवर पाड्यावर जाणारी, हिंगोलीच्या बाजाराला मिरचीचं पोतं नेणारा, हे रायडर नाहीत. रायडर तो, जो सुट्टीच्या दिवशी निघतो. रस्ता ज्याच्या पोटाचा आहे त्याला रस्त्याचा मान नाही. आपल्या क्लबात पोरी किती आहेत, हे विचारलं तर प्रेसिडेंट म्हणाला, "येतात की, मागं बसून." बस म्हणावं, तुझ्या मागं.

आता ज्या क्लबवाल्यांची ही नक्कल केली त्यांचीच एक गोष्ट सांगतो, जी आपल्या पोरांनी उचलली नाही. हैदराबादकडच्या एका कॅप्टननं चहा पिताना मला समजावलं होतं. नवखा माणूस आणि लहान गाडी कॅप्टनच्या लगेच मागं ठेवायची. का? शेवटी ठेवली तर ती मोठ्या गाड्यांना गाठायच्या नादात ओढली जाते, वळणावर सुटते, माणूस मरतो. पुढं ठेवली की सगळ्यांचा वेग तिच्या वेगावर बांधला जातो आणि सगळे पोचतात. आणि रस्त्यात एकाची गाडी बंद पडली तर सगळे थांबतात. जाकीट उचललं, बिल्ला उचलला, नोकर ठेवायची रीत उचलली, आणि एवढं शहाणपण तेवढं टपरीवर ठेवून आलात.

१४ जानेवारीला नामांतर दिन. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आम्ही तीन रात्री ज्वारीत काढल्या. १९७९ साली माणसं नागपुराहून औरंगाबादेकडं पायी निघाली, लाँग मार्च. त्यात कोण पुढं आणि कोण मागं हे पायाच्या फोडांनी ठरवलं. १९९४ साली विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब आले. त्या गेटवर गाड्यांनी जायचं पोरांनी ठरवलंय. जायचंच. मीही येतोय. गावाचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, गेट तेच आहे.

पण रांग मी लावणार. सगळ्यांत पुढं ती मामाची स्प्लेंडर. ती ताशी पंचेचाळीसच्या वर गेली की हँडल थरथरतं, तेव्हा सगळ्यांनी पंचेचाळीस. तिच्या मागं स्कूटीवाल्या दोघी, त्यांच्या घरी मी बोललोय. मग बाकीचे, जसे येतील तसे. बुलेटी शेवटी. टूलची पिशवी आणि पाण्याचे जार बुलेटींवर, त्यांना वजनाचं काही वाटत नाही. प्रेसिडेंटला यायचं असेल तर यावं, न येऊन त्याचंच नुकसान आहे. बिल्ले ज्यांना घालायचे त्यांनी घालावेत, मी काही शिंपी नाही. पण चहाला थांबल्यावर एकजण बसला आणि एकजण उभा राहिला, तर मी तिथून गाडी फिरवून परत येईन आणि पुढच्या अंकात नावानिशी लिहीन.

अकरा तारखेपासून गाड्या गॅरेजवर आणा. ब्रेक, लाइट, चेन बघून देतो. मजुरी नाही, सामानाचे पैसे पडतील. माझी राजदूत आणणार नाही, धूर फार करते आणि मागच्याचे डोळे चुरचुरतात. पहाटे पाचला, नाक्यावर. थंडी असती, हेल्मेटच्या आत बसेल अशी पातळ कानटोपी आणा.