ओरिजिनल ते ओरिजिनल?

हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मंडळी, ओटिस रेडिंगचं १९६५ चं 'रिस्पेक्ट' ऐका. कमावून घरी आलेला पुरुष मान मागतोय. छानच आहे, नाही कोण म्हणतंय? पण १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिनने ते बाईच्या तोंडी घातलं, शब्द फिरवले, मागे बहिणींचा कोरस लावला आणि मागणीचा रोखच उलटला. 'रिस्पेक्ट'ची अक्षरं सुटी सुटी म्हणणं ओटिसच्या गाण्यात नाहीच, ते तिचं! (आमच्या घरातले मूळवादी नेमकं तेवढंच गुणगुणतात.) याला नक्कल म्हणायचं? मग नुसता ठेका बडवलेल्या रिमिक्सला काय म्हणाल? त्याच वर्षी माँटेरेच्या मंचावर खुद्द ओटिसनेच सांगून टाकलं की हे गाणं एका मुलीने पळवलंय. त्याला चालतं, तुम्हाला का नाही?