साबण चालतो, मग पॅड का नाही?

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, तहसील कचेरीत किंवा एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहात पाणी नसेल तर आपण तक्रार करतो. साबण नसेल तर निदान कुरकुर तरी करतो. या दोन्ही गोष्टी तिथे फुकट असायला हव्यात, याबद्दल कुणाचं दुमत नाही. हात धुण्याआधी कुणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. पण त्याच ठिकाणी सॅनिटरी पॅड मोफत ठेवा असं म्हटलं की लगेच प्रश्न सुरू होतात. पैसे कोण देणार? चोरी झाली तर? आणि मुळात हे असं उघडपणे बोलायची गरज काय?

माझं म्हणणं सरळ आहे. सार्वजनिक इमारतीतलं पॅड म्हणजे भेट नव्हे, खैरातही नव्हे. साबणासारखीच ती स्वच्छतागृहात असायलाच हवी अशी वस्तू आहे.

पाळी दरवेळी तारीख पाळून येत नाही. दाखल्यासाठी सकाळपासून रांगेत उभी असलेली बाई, परीक्षा केंद्रावर पोचलेली मुलगी, सिव्हिल हॉस्पिटलात सासूच्या उशाशी रात्र काढणारी सून, कुणावरही ही वेळ येऊ शकते. पर्समध्ये पॅड नसेल तर काय करायचं? रांग सोडून दुकान शोधायचं, रुमाल घडी करून भागवायचं, नाहीतर घरी परतायचं. रांग सोडली की दिवस गेला. रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरीही गेली. परीक्षेला बसलेल्या मुलीला तर उठूनही जाता येत नाही.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 15 ते 24 वयोगटात पाळीच्या काळात स्वच्छ साधनं वापरणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण 2015-16 मध्ये 57.6 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 77.3 टक्क्यांवर गेलं. 2018 मध्ये सॅनिटरी पॅडवरचा 12 टक्के जीएसटी रद्द झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात अस्मिता योजना आली आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅड देण्याचं ठरलं. 2019 पासून जनऔषधी केंद्रांत एक पॅड 1 रुपयाला मिळू लागलं. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलींसाठी देशभर एकसमान धोरण आखायला केंद्राला सांगितलं. हे सगळं चांगलंच आहे. पण या योजनांच्या नजरेसमोर शाळेतली मुलगी आहे किंवा दुकानात जाऊन पॅड विकत घेणारी बाई आहे. शाळा संपलेली आणि कामासाठी घराबाहेर पडलेली बाई सरकारी इमारतीत अडकली, तर तिच्यासाठी काय? तिथे जागा रिकामी आहे.

ही जागा कशी भरायची ते स्कॉटलंडने दाखवलं. तिथे 2018 पासून शाळा-कॉलेजांत पाळीची साधनं मोफत मिळत होती. मोनिका लेनन या आमदारबाईंनी मांडलेलं विधेयक 24 नोव्हेंबर 2020 रोजी विरोधात एकही मत न पडता मंजूर झालं आणि ऑगस्ट 2022 मध्ये कायदा लागू झाला. आता तिथल्या स्थानिक परिषदांवर आणि शिक्षणसंस्थांवर ही साधनं मोफत पुरवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. ती सहज मिळाली पाहिजेत, घेणाऱ्याचा मान राखला गेला पाहिजे आणि निवडीला वाव असला पाहिजे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. गरीब आहेस का, हा प्रश्न तिथे येतच नाही.

आपल्याकडे उपाय म्हटला की आधी मशीन आठवतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, यंत्रांशी माझं वैर नाही. पण सिस्टीम उभी करताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो असा : हे बंद पडलं तर काय? नाणं टाकून पॅड देणाऱ्या मशीनला वीज लागते, दुरुस्ती लागते, वेळेवर भरणारं माणूस लागतं आणि वापरणारीच्या हातात नेमकं नाणं लागतं. सगळे यूपीआयने पैसे देत असताना ते नाणं आणायचं कुठून? चारपैकी एक गोष्ट चुकली की मशीन भिंतीवरची शोभा होऊन बसतं. त्यापेक्षा झाकणाची एक पेटी आणि ती रोज भरण्याची जबाबदारी एका ठरलेल्या व्यक्तीवर, ही व्यवस्था साधी आहे आणि म्हणूनच टिकाऊ आहे.

खर्चाचा हिशोबही मांडून पाहू. समजा, एका कार्यालयात रोज 20 पॅड लागले. जनऔषधीच्या भावाने दिवसाचे 20 रुपये, 300 दिवसांचे 6,000. दुप्पट धरा, तरी कुठल्याही महापालिकेला जड जाईल अशी ही रक्कम नाही. राहिली चोरी. सुरुवातीला कुणी चार पॅड जास्त उचलेलही. ज्या घरात पॅडच्या पाकिटासाठी पैसे मागावे लागतात, त्या घरातली बाई ते उचलत असेल, तर त्याला चोरी म्हणण्याआधी थोडं थांबावं.

‘आधी कडी आणि पाणी तरी द्या’ हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच पॅड एकटं मागायचं नाही. दाराला कडी, नळाला पाणी आणि आत झाकणाची कचरापेटी, हे सगळं एकत्र मागायचं. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बायकांचाही विचार त्यातच यायला हवा. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची मोहीम पुण्यात कचरावेचक बायकांसाठीच झाली. ही सवय आपणही लावून घेऊ शकतो.

आता हयेचा मुद्दा. दुकानदार पॅड कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत देतो. रमजानमध्ये रोजा नसलेली मुलगी भावासमोर घोटभर पाणी पीत नाही. खरं तर त्या दिवसांत नमाज माफ आहे आणि सुटलेले रोजे नंतर ठेवायचे असतात. दीनने दिलेली सवलत आपण घरात गुपित करून टाकली. तहारतचे मसले तर आपल्याकडे किती बारकाईने शिकवले जातात! हयेची खरोखर काळजी असेल तर पेटीतलं पॅड हीच सगळ्यात हयेची सोय आहे. कुठल्या अनोळखी क्लार्ककडे किंवा शिपायाकडे मागायचं नाही, कुणाला कारण सांगायचं नाही. दार लावायचं, घ्यायचं, बाहेर यायचं.

सुरुवात करायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. आपल्या जमातीच्या शाळा, हॉस्टेल, शादीखाने, दवाखाने आपल्याच हातात आहेत. तिथल्या ट्रस्टींशी बोला, आणि हे बोलणं फक्त मुलींवर सोडू नका. दुसरीकडे 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात महापालिकेला विचारा : किती इमारतींत महिलांसाठी स्वच्छतागृह आहे, किती मशीन बसवली, त्यातली किती चालू आहेत? ते उत्तर घेऊन, बजेट ठरण्याआधी, महिला व बालकल्याण समितीकडे आणि आपल्या नगरसेवकाकडे जा. मते मागायला ते आपल्या मोहल्ल्यात येतातच. त्या वेळी रस्ता आणि गटारीसोबत या पेटीचंही नाव घ्या.