बसलं म्हणजे जुळलं नव्हे



सध्या पोस्टिंग लखनौला. परवा इथल्या महानगर भागात, गोल मार्केटजवळ चहा घेताना एक निवृत्त सुभेदार साहेब म्हणाले, "आमच्या वेळी कुठल्याही गाडीचा डिफरन्शियल कुठल्याही गाडीला लावायचो. तुम्हाला मात्र पार्ट नंबरशिवाय काही जमत नाही!"

साहेब, तुमच्या नोकरीला सलाम. पण हे बोलणं घातक आहे. तुमच्या वेळी मोठी गाडी म्हणजे जबलपूरची शक्तिमान. शक्तिमानचा माल शक्तिमानला बसला, त्यात नवल काय? आज एकाच एमटी पार्कात लेलँडची स्टॅलियन आणि टाटाची 713 शेजारी उभ्या असतात. शिवाय एकाच मापाच्या हौसिंगमध्ये कंपन्या वेगवेगळे रेशो भरतात. बोल्ट बरोबर लागतात, रंगही तोच. फरक आत असतो.

हिशोब बघा. क्राऊनचे 41 दात आणि पिनियनचे 7, तर रेशो 5.86. क्राऊन 43 दातांचा असेल तर 6.14. पुढे पहिला आणि मागे दुसरा बसवला, की मागचं चाक 100 फेरे घेईपर्यंत पुढचं 105 मागतं. चिखलात चाक घसरून हा फरक जिरतो. कोरड्या दगडी रस्त्यावर तो जिरत नाही, त्याचा पीळ शाफ्टवर चढतो. आणि पुढचा ॲक्सल जोडेपर्यंत ड्रायव्हरला काहीच कळत नाही. लखनौच्या सपाट रस्त्यावर ती गाडी टेस्टमध्ये खुशाल पास होईल.

हे मी ऐकीव सांगत नाही. मागच्या एका पोस्टिंगला कंडेम गाडीतून काढलेला डिफरन्शियल आम्ही असाच चढवला. चढावर फ्रंट ॲक्सल जोडला आणि वळणावर हाफ शाफ्ट तुटला. मागे अकरा जवान बसले होते. कुणाला लागलं नाही, हे नशीब. गाडी पास केल्याची सही माझी होती.

जुगाडाला माझा विरोध नाही. अडचणीत तोच कामी येतो. पण आधी दात मोजा, हाफ शाफ्टचे स्प्लाइन मोजा. क्राऊन आणि पिनियन जोडीनंच घासून तयार होतात, ती जोडी फोडू नका. बसवल्यावर बॅकलॅश डायल गेजनं बघा. दात मोजायला दहा मिनिटं पुरतात.

तेवढाही वेळ नसेल, तर गाडी उभी राहू द्या. पार्कात उभी असलेली गाडी कुणाचा जीव घेत नाही.

जय हिंद.