चावडी आहे, आता कट्टा हवा

मराठी विकिपीडिया २००३ पासून उभा आहे तो फुकट राबणाऱ्यांच्या जिवावर. पगार नाही, लेखाखाली नाव नाही. आपण मेहनतीने लिहिलेला परिच्छेद कुणी अनोळखी माणूस रातोरात उलटवतो, नाहीतर डोक्यावर ‘संदर्भ द्या’चा साचा डकवतो. मग चावडी या चर्चापानावर जुंपते. भांडणारे टिकतात, बाकीचे मुकाट्याने येईनासे होतात.

मी बँकेतून निवृत्त झाल्यावर बंगळुरूत बसून विकिपीडियावर लिहू लागले आणि टिकले ती शहरातल्या डोमलूर भागातल्या भेटींमुळे. तिथल्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने २०१२ मध्ये भारतीय भाषांतल्या विकिपीडियांसाठी काम हाती घेतलं, पुढे त्यात मराठीही आली. कळफलकावर ‘ऱ्य’ कसा काढायचा, हे मदतीची पानं वाचून मला उमगलं नव्हतं. डोमलूरच्या भेटीत शेजारी बसलेल्या कन्नड मुलाने आपल्या लिपीतल्या युक्त्यांवरून अंदाज बांधत ते काढून दाखवलं! शिवाय, ज्याच्याबरोबर चहा घेतला त्याने माझं संपादन उलटवलं, तर मी कारण विचारते. अनोळखी माणसाने उलटवलं की लॅपटॉप मिटते.

पण भेट म्हणजे कार्यशाळा नव्हे. महिला दिन आला की कॉलेजात संपादनेथॉन ठरते, बॅनर लागतो. एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात, हे आयोजकांना सातव्या मुलीपाशी कळतं. मग मोबाइलच्या नेटसाठी धावपळ, संध्याकाळी प्रमाणपत्रं, ग्रुप फोटो. त्यातली कोणती खाती महिन्याभराने जागी आहेत, हे योगदानाच्या पानावर कुणालाही पाहता येतं. अहवालात मात्र हजेरीच जाते. माझ्या मते हा पैसा पाण्यात.

त्यापेक्षा आठ-दहा जुन्या-नव्यांना ठरल्या रविवारी भेटवा आणि हाताला काम द्या. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाची मंडळी एकत्र गल्ल्या हिंडतात आणि पाहिलेलं नकाशावर चढवतात. आपल्याला तर विषय दाराशी आहेत. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. मल्लेश्वरमचं काडु मल्लेश्वर मंदिर त्यांचे पुत्र एकोजीराजांनी बांधल्याचं सांगतात. सकाळी तिथे जाऊन फोटो काढावेत, दुपारी संदर्भ शोधून लेख सुधारावा, वाद घालायचा तो समोरासमोर घालावा.

बंगळुरूच्या महाराष्ट्र मंडळाने यासाठी महिन्यातला एक रविवार, एक खोली आणि वायफाय द्यावं. चहाचं आम्ही बघू.