व्यसनमुक्ती केंद्रात संमती कोण विचारतो?



दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका आईने आम्हाला विचारले, "दादा, पोराला उचलून नेणारं एखादं केंद्र सांगा." आम्ही नंबर दिला. रात्री गाडी आली, चार जण उतरले आणि ड्रेनेजलाइनवर ठेकेदाराकडे काम करणाऱ्या तिच्या तिशीतल्या मुलाला हातपाय धरून आत टाकले. वस्ती बघत होती. आम्हीही बघत होतो आणि आम्हाला ते समाजकार्य वाटले.

तीन महिन्यांनी तो परत आला. केंद्राचे नाव आम्ही घेत नाही, कारण प्रश्न एका केंद्राचा नाही. पहिल्याच दिवशी त्याचे डोके भादरले होते. महिनाभर आईची भेट नव्हती. संडास धुण्याची पाळी सगळ्यांची, असे भिंतीवर लिहिलेले होते. प्रत्यक्षात ती त्याच्यावर आणि आणखी दोघांवरच येई. आडनावे आधीच विचारून झाली होती. "तुला तर सवय आहे," असे तिथला वॉर्डन त्याला म्हणाला. सुटल्यावर आठव्या दिवशी तो पुन्हा प्यायला, तेव्हा केंद्राने आईला कळवले की मुलात इच्छाशक्ती नाही, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवणे म्हणजे महिन्याला बारा हजार.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 साली संमत झाला आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. कलम 20 नुसार रुग्णाचे डोके सक्तीने भादरता येत नाही, त्याच्याकडून सक्तीने काम करून घेता येत नाही आणि त्याने काम केलेच तर योग्य मोबदला द्यावा लागतो. कलम 95 प्रमाणे साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. संमतीशिवाय दाखल करण्याची वाट कलम 89 मध्ये आहे, पण ती अरुंद आहे. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचे, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा. स्वतःला किंवा इतरांना धोका असल्याचे दिसले पाहिजे. मुदत तीस दिवस. आणि पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे. रात्रीच्या गाडीतले चार जण यात कुठे बसतात?

आमच्यातलेच काही कार्यकर्ते यावर चिडतात. ते म्हणतात, पिऊन रोज बायकोला मारणाऱ्याचे हक्क कसले सांगता? हा आक्षेप आम्ही उडवून लावत नाही. त्या बाईला आज रात्री सुरक्षित झोपायचे आहे, आणि तिला कायद्याचे कलम वाचून दाखवणे ही थट्टा आहे. पण मारहाणीसाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे, आणि तिथे तिच्यासोबत जाणे हे आपले काम आहे. ते टाळायचे म्हणून उपचाराला तुरुंग करायचे, हे तिच्याही कामाचे नाही. तीन महिन्यांनी तो माणूस अपमान गिळून त्याच घरी येतो.

शिवाय जबरदस्तीत जीवही जातो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर भ्रम, थरथर, ताप, नको ते दिसणे सुरू होऊ शकते. हे डॉक्टरने औषध देऊन सांभाळायचे असते, कोंडून नव्हे. तसेच डायसल्फिरामच्या गोळ्या घरच्यांच्या हाती देऊन "वरणात कालवा, त्याला सांगू नका" असा सल्ला देणारे आहेत. न सांगता दिलेल्या त्या गोळीवर माणूस प्यायला तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ती गोळी घेणाऱ्याला माहिती असणे हाच तिच्या उपचाराचा पाया आहे.

त्या मुलाला तीन महिन्यांत एकाही समुपदेशकाने एक साधा प्रश्न विचारला नव्हता: तू कधी पितोस? आम्ही विचारला, तोही उशिरा. तो म्हणाला, चेंबरमध्ये उतरायच्या आधी. क्वार्टर पोटात नसेल तर त्या वासात पाय खाली जात नाही. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला बंदी घातली आहे, आणि ठेकेदार रोज उतरवतो. केसपेपरवर मात्र "इच्छाशक्तीचा अभाव". कार्ल रॉजर्स आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. समोरच्याला त्याच्या जगण्याचा जाणकार माना, हे त्याचे म्हणणे आम्हाला या मुलासमोर बसल्यावर कळले.

बौद्ध म्हणवणाऱ्या आपल्याला आणखी एक हिशेब द्यावा लागेल. पाचवे शील आणि बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण पिणाऱ्याच्या डोक्यात हाणतो. पण शील हे ज्याचे त्याने ग्रहण करायचे असते. "मी" म्हणूनच ते घेतले जाते. दुसऱ्याच्या वतीने ते घेता येत नाही, लादता तर येतच नाही. आमच्या विहारात बुद्धजयंतीला आम्ही दारू सोडलेल्या एका गृहस्थांचा मंचावर हार घालून सत्कार केला. चांगल्या हेतूने केला. त्यांना विचारले नव्हते. चार महिन्यांनी त्यांची स्लिप झाली, आणि तेव्हापासून ते विहारात आलेले नाहीत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा नियम केंद्रासाठी कलम 23 मध्ये आहे. विहाराच्या माइकसाठी तो कुणी लिहिलेला नाही.

आता आमच्याकडे कुणी नंबर मागितला तर आधी ज्याला न्यायचे त्याच्याशी बोलतो. केंद्राला विचारतो: नोंदणी कुठली, डॉक्टर रात्री असतो का, संडास कोण धुतो. शेवटच्या प्रश्नावर दोन केंद्रांनी फोन ठेवला. राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे, तीही देतो.

तो मुलगा सध्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जातो. दारू पूर्ण बंद करायला तो तयार नाही, कमी करतो म्हणतो. डॉक्टरांना हे फारसे पटलेले नाही, आम्हालाही नाही, आणि आम्ही दोघांनी त्याला तसे सांगितले आहे. मंगळवारी त्याची तारीख असते. गेल्या पाचपैकी चार मंगळवारी तो स्वतः गेला, गाडी पाठवावी लागली नाही. ठेकेदाराविरुद्धचा अर्ज मात्र महापालिकेत अजून पडून आहे.